दगड, झरा, डोंगर हेच दैवत. इंका लोकांची ‘वाका’ म्हणजे काय?

पेरू देशातले इंका लोक पवित्र गोष्टीला ‘वाका’ म्हणत. वाका म्हणजे देऊळच असं नाही. मोठा दगड, झरा, डोंगर, पूर्वजांचा सुकवून जपलेला देह, हे सगळं वाकाच. राजधानी कुस्कोच्या आसपासच्या ३२८ वाकांची यादी बर्नाबे कोबो या स्पॅनिश पाद्र्याच्या १६५३ सालच्या ग्रंथात आहे. त्यात पाण्याच्या जागा बऱ्याच. त्यांची पूजाअर्चा ठरावीक घराण्यांकडे असे. स्पॅनिश राजवटीत मूर्तिपूजा म्हणून अनेक वाका फोडल्या, जाळल्या. पण डोंगर आणि झरे कसे मोडणार? म्हणून पुरातत्त्वाचे संशोधक ही यादी घेऊन तिथली शेतं, ओढे पायी पालथे घालतात. कारण साधा दिसणारा दगड पवित्र का, हे नुसतं खोदून कळत नाही; आसपासचं पाणी, वाट आणि वस्ती बघावी लागते.