'थिंग'ची गोष्ट

इंग्रजीतल्या 'थिंग' या शब्दाचा अर्थ सांगायला शब्दकोश लागत नाही. वस्तू, चीज, बाब, गोष्ट. ज्याचं नाव पटकन आठवत नाही, त्यालाही 'थिंग' म्हणून मोकळं होता येतं. पण कुठंही चालणारा हा साधा शब्द एके काळी मोठ्या मानाचा होता.

इंग्रजी, जर्मन, डॅनिश, आइसलँडिक या भाषा जर्मानिक कुळातल्या. या कुळाच्या जुन्या भाषांत 'थिंग' म्हणजे सभा. परिसरातले स्वतंत्र पुरुष ठरल्या दिवशी उघड्यावर जमत. जमिनीचा वाद असो की खुनाचा, तो तलवारीनं मिटवण्याऐवजी सभेपुढे मांडावा, हा त्यामागचा हेतू. गुलामांना मात्र तिथं आवाज नव्हता.

आइसलँडमध्ये इ. स. ९३० च्या सुमारास साऱ्या बेटाची एक सभा सुरू झाली. तिचं नाव 'आल्थिंग' आणि जागा थिंगव्हेलीर, म्हणजे सभेचं मैदान. कायदा तेव्हा लिहिलेला नव्हता. तो तोंडपाठ असलेला एक अधिकारी दरवर्षी त्याचा तिसरा हिस्सा सर्वांना ऐकवी. तीन वर्षांत सगळा कायदा लोकांच्या कानांवरून जाई.

सन १००० च्या सुमारास या सभेची कसोटी लागली. जुने देव मानणारे आणि ख्रिस्ती झालेले, असे दोन तट पडले होते. निवाडा थॉरगेर या कायदा सांगणाऱ्याकडे आला. तो स्वतः जुन्या धर्माचा. जुन्या इतिहासग्रंथात नोंद आहे, की तो एक दिवस आणि एक रात्र पांघरुणाखाली पडून राहिला. उठल्यावर त्यानं सांगितलं, की कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल. सर्वांनी ख्रिस्ती व्हावं, काही जुने आचार मात्र चालू ठेवता येतील. दोन्ही बाजूंनी ते मानलं आणि यादवी टळली.

मग सभेची 'वस्तू' कशी झाली? सभेपुढे जो मामला येई, त्यालाही लोक 'थिंग' म्हणू लागले. मामल्यावरून कोणतीही बाब आणि बाबीवरून कोणतीही वस्तू. लॅटिनमध्ये खटल्यालाही 'काउसा' म्हणत. त्यावरूनच फ्रेंचमध्ये वस्तूला 'शोझ' आणि इटालियनमध्ये 'कोझा' म्हणतात.

आपल्याकडेही असंच घडलं आहे. संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गाईंची जागा. आपला 'गोठा' त्यावरूनच आला. 'गोष्ठी' म्हणजे सभा, बैठकीतलं बोलणं. तिचीच मराठीत 'गोष्ट' झाली. आजीनं सांगितलेली ती गोष्ट, आणि 'ही गोष्ट खरी' म्हणताना जी बाब मनात असते, तीही गोष्टच.

इंग्रजीत 'थिंग'चा सभा हा अर्थ मागे पडला. निवडणुकीच्या बातम्यांतल्या 'हस्टिंग्ज' या शब्दात तो अजून दडलेला आहे. मुळात ती घरातली सभा. उत्तरेकडे मात्र तो उघड नांदतो. डेन्मार्कची संसद 'फोल्केटिंग', नॉर्वेची 'स्टोर्टिंग'. आल्थिंग १८०० मध्ये बंद पडली, १८४५ मध्ये रेक्याविकला पुन्हा भरली आणि आजही आइसलँडची संसद आहे. १९४४ मध्ये त्या देशानं प्रजासत्ताकाची घोषणा केली, ती थिंगव्हेलीरच्या त्याच मैदानावर.

वस्तू हा अर्थ फार नंतरचा. आधी माणसं जमली, भांडण चारचौघांत मांडलं, एकमेकांचं ऐकून घेतलं. गोष्ट झाली ती त्यानंतर.