कोपऱ्यातली कुरकुर

शनिवारची सकाळ, मित्रमैत्रिणींचा कट्टा आणि समोर लालभडक तर्रीची मिसळ. आयुष्यात आणखी काय हवं असतं? मी पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला, ‘आ’ केला आणि... आई गं! ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत कुणीतरी तिखट भरल्यासारखं झालं. डोळ्यांत टचकन पाणी. सगळ्यांना वाटलं, मिसळ जहाल आहे. मिसळ बिचारी निर्दोष होती. गुन्हेगार होत्या माझ्या तोंडाच्या कोपऱ्यांना पडलेल्या दोन चिरा.

चिरा त्या केवढ्या? जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या. पण जांभई देता येत नाही, ब्रश करताना झोंबतं आणि मनापासून हसलं की भेग पुन्हा उलते. त्यात सोमवारी मला एक महत्त्वाची मुलाखत घ्यायची होती. मग काय, सुरू झाले प्रयोग! आधी स्ट्रॉबेरीच्या वासाचा लिपबाम, त्यावर लिपस्टिकचा थर आणि दर पाच मिनिटांनी कोपऱ्यांवरून जीभ फिरवणं. आईला फोन केला, तर ठरलेलं उत्तर. ‘‘उष्णता झालीय गं. मलापण होतं अधूनमधून. साजूक तूप लाव, गुलकंद खा.’’ शेवटी ड्रॉवरमध्ये पडलेली खाजेच्या मलमाची जुनी ट्यूब सापडली. दोन दिवस एकदम मस्त वाटलं. आठवड्याभरात चिरा पुन्हा हजर, येताना पिवळसर खपल्या घेऊन!

एवढीशी चीर, केवढं नाव

मग मुकाट्याने स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं, ‘अँग्युलर चेलायटिस’. भानगड अशी, की ओठांच्या कोपऱ्यात लाळ साचते. सतत ओली राहिलेली त्वचा मऊ पडते आणि फाटते. त्या फटीत कॅन्डिडा नावाची बुरशी किंवा स्टॅफिलोकोकस जातीचे जीवाणू मुक्काम ठोकतात. कधी कधी दोघंही! म्हणजे जीभ फिरवून मी त्यांची खातिरदारीच करत होते.

उपचारही त्यानुसार ठरतो. बुरशी असेल तर क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलचं मलम, जीवाणू असतील तर फ्युसिडिक अ‍ॅसिड किंवा म्युपिरोसिन. कुठलं आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांनी ठरवलेलं मलम वाळलं की वरून बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, म्हणजे लाळ त्वचेपर्यंत पोचत नाही. साधारण दोन आठवड्यांत बहुतेकांचं काम होतं.

आणि ती खाजेची ट्यूब? तिच्यात जोरदार स्टेरॉईड होतं. त्याने लाली आणि आग कमी होते, म्हणून आपण खूश. आतली बुरशी मात्र निवांत वाढते आणि त्वचा पातळ होत जाते. अशी बरीच स्टेरॉईड मलमं प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची नाहीत, असा नियम केंद्र सरकारने 2018 मध्ये केला. घरातल्या ड्रॉवरला तो कुठे ठाऊक असतो!

आणखी एक गोष्ट. आधी चुणचुण आणि मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका, तोही बहुधा एकाच बाजूला, असं असेल तर तो हर्पिस असू शकतो. त्याचं औषध वेगळं. त्यामुळे मैत्रिणीचं मलम उसनं घेऊ नका.

तुम्ही जेवता काय?

मलम लिहून झाल्यावर डॉक्टरांनी हा प्रश्न टाकला आणि माझी दांडी गुल. सकाळी चहा, दुपारी डेस्कवर पोळीभाजी आणि सोबत चहा, रात्री दोन मिनिटांच्या नूडल्स. त्या हसल्या आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. हिमोग्लोबिन निघालं 9.8. बायकांचं किमान 12 तरी हवं. चिरा पुन्हा पुन्हा येत असतील, तर लोह, बी-12, रायबोफ्लेविन म्हणजे बी-2, झिंक यांपैकी काहीतरी कमी असू शकतं. नुसतं मलम लावणं म्हणजे गळतं छप्पर तसंच ठेवून फरशी पुसणं.

मला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. शिवाय जेवण आणि चहात किमान तासाभराचं अंतर, कारण चहातले टॅनिन लोह शोषू देत नाहीत. उसळीवर लिंबू पिळायचं, कारण क जीवनसत्त्वामुळे ते चांगलं शोषलं जातं. आणि हो, हळिवाचे लाडू. त्यासाठी बाळंतीण असायची गरज नाही!

‘‘घरात कुणाला डायबिटीस?’’ हा डॉक्टरांचा शेवटचा प्रश्न. आईला आहे, बारा वर्षं. आणि एकदम तिचं फोनवरचं वाक्य आठवलं. ‘मलापण होतं.’ वाढलेली साखर बुरशीला पोषक असते. कवळी नीट बसत नसेल, तरी कोपऱ्यात लाळ साचते. आईची कवळी सैल झालीय, हे मला दिवाळीपासून ठाऊक होतं. त्यातून ती मेटफॉर्मिन घेते. ते वर्षानुवर्षं घेतलं, की काहींचं बी-12 कमी होतं.

‘‘माझं काय गं, चालायचंच,’’ म्हणत तिने महिनाभर टाळलं. मग मीच गावी गेले आणि तिला लॅबमध्ये बसवलं. साखर वाढलेली आणि बी-12 तळाला. पायांना मुंग्या येतात, हेही तिने तेव्हा सांगितलं. ‘‘वय झालं म्हणून असेल.’’ वय नव्हतं ते. बी-12 फार काळ कमी राहिलं, तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं. मेटफॉर्मिन तिने मनाने बंद केलं नाही. डॉक्टरांनी बी-12ची इंजेक्शनं सुरू केली, साखरेच्या गोळ्या बदलून दिल्या आणि कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची शिस्त लावली.

तुमच्याही चिरा दोन आठवड्यांत भरल्या नाहीत किंवा सारख्या परत आल्या, तर लिपस्टिकखाली झाकू नका. दाखवा.

माझे कोपरे आता ठणठणीत आहेत. मिसळ पुन्हा सुरू झालीय, पण चहा तासाभराने. आईचे कोपरेही भरले. मुंग्या थोड्या उरल्यात. आता फोनवर पहिला प्रश्न मीच विचारते, ‘‘काय गं, उष्णता कशी आहे?’’