द्विप्रणाली संगणकावरील संचिकांची देवाणघेवाण : मालवण परिसरातील एका शब्दसंग्रहाच्या निमित्ताने

प्रस्तावना

एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स या दोन कार्यप्रणाली स्थापित करून, संगणक सुरू करताना त्यांपैकी एकीची निवड करण्याच्या सोयीस द्विप्रणाली व्यवस्था म्हणता येईल. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे सर्वसाधारण साहाय्य समाप्त झाले आणि विंडोज 11 च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या यंत्रांच्या धारकांचे लक्ष लिनक्सकडे वळले. मराठीच्या अभ्यासकाला मात्र विंडोज सर्वस्वी सोडता येत नाही. युनिकोडपूर्व काळात श्री-लिपीसारख्या साधनांनी टंकलिखित केलेला मजकूर त्या त्या फॉण्टशिवाय उघडला, की रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ तेवढा दिसतो. परिणामी दोन्ही प्रणाली एकत्र नांदवाव्या लागतात. खरा प्रश्न उद्भवतो तो दोहोंना लागणाऱ्या संचिका कोठे ठेवाव्यात हा.

सामाईक विभागाची निवड

लिनक्समध्ये सामान्यतः वापरली जाणारी एक्स्ट-4 ही संचिका-रचना विंडोजला आपणहून वाचता येत नाही. याउलट विंडोजची एनटीएफएस रचना लिनक्सला वाचता व लिहिता येते. 2007 पासून एनटीएफएस-3जी या साधनाद्वारे ती सोय स्थिर स्वरूपात उपलब्ध झाली आणि 2021 मध्ये लिनक्सच्या 5.15 या गाभ्यातच नवा चालक समाविष्ट झाला. फॅट-32 दोन्हीकडे चालते. परंतु तीत एका संचिकेचा आकार 4 गिगाबाइटपर्यंत पोहोचू शकत नाही. सेकंदाला 8 मेगाबिट या दराने केलेले चित्रण सुमारे 71 मिनिटांतच ही मर्यादा गाठते. रात्रभर चालणारा दशावतार एकसंध जतन करू पाहणाऱ्यास ही रचना निरुपयोगी होय. एक्सफॅटला ही अडचण नाही, मात्र तीत बदलांची पूर्वनोंद ठेवणारी रोजनिशी नसते. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या आमच्या किनाऱ्यावर ही उणीव क्षुल्लक नाही. म्हणून पेनड्राइव्हसाठी एक्सफॅट व संगणकातील कायम विभागासाठी एनटीएफएस, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एनटीएफएसची संपूर्ण दुरुस्ती विंडोजमधूनच करावी, हे पथ्य मात्र पाळावे लागते.

अर्धवट झोपलेली प्रणाली

सर्वाधिक हानी जेथे होते तो भाग वेगळाच आहे. 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर 'फास्ट स्टार्टअप' ही सुविधा आली. ती चालू असताना 'शटडाउन' केल्यावर संगणक पूर्णतः बंद होत नाही. प्रणालीच्या गाभ्याची स्मृती डिस्कवर लिहून ठेवली जाते व पुढील वेळी तीच पुन्हा उचलली जाते. त्या स्मृतीत सामाईक विभागाचीही जुनी स्थिती असते. मधल्या काळात लिनक्समधून तेथे काही लिहिले गेले, तर विंडोजला त्याचा पत्ताच नसतो.

रापण मासेमारीतील शब्द व वाऱ्यांची नावे यांचा संग्रह करीत असताना प्रस्तुत लेखकाने हीच चूक केली. विभाग केवळ वाचनासाठी खुला होत असल्याची सूचना लिनक्सने दिली होती. ती दुर्लक्षून दुरुस्तीची आज्ञा दिली, विभाग लेखनासाठी खुला केला आणि दोन संध्याकाळी मुलाखतींचे लिप्यंतर केले. विंडोज सुरू होताच त्या संचिका नाहीशा झाल्या. ध्वनिमुद्रणे अन्यत्र होती म्हणून काम पुन्हा करता आले. पण ऐकताना समासात टिपलेले खुलासे परत मिळाले नाहीत, आणि ज्यांना विचारावे त्यांतील एक वृद्ध रापणकर तोवर निवर्तले होते.

उपाय मिनिटभराचा आहे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर विभागातून फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते शक्य नसेल तेथे लिनक्समध्ये जाण्यापूर्वी 'शटडाउन'ऐवजी 'रीस्टार्ट' निवडावे. त्यात प्रणाली पूर्णपणे मिटते. नव्या संगणकांत बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली आधीच लिहून ठेवावी.

देवनागरी नावांचा प्रश्न

संचिकेच्या नावात रोमन लहान-मोठ्या अक्षरांवरून जो घोळ होतो, त्यातून देवनागरी सुदैवाने मुक्त आहे. अडचण येते ती लांबीची. एनटीएफएसमध्ये नाव 255 चिन्हांचे चालते, तर एक्स्ट-4 मध्ये 255 बाइटांचे. आणि यूटीएफ-8 संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. मात्रा, अनुस्वार व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे गणली जातात. त्यामुळे 'सिंधुदुर्ग' या एकाच शब्दाला 10 चिन्हे, म्हणजे 30 बाइट लागतात. विंडोजमध्ये सुखाने नांदणारे शंभर चिन्हांचे देवनागरी शीर्षक लिनक्सच्या विभागात उतरत नाही. उलट दिशेने, लिनक्समध्ये दिलेल्या 'मुलाखत 10:30' या नावातील विसर्गसदृश चिन्ह विंडोजला चालत नाही.

याहून सूक्ष्म अडचण 'ऱ्य'ची आहे. काही कळफलक तो 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने लिहितात, तर काही 'र', हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना फरक दिसत नाही. संगणकाला मात्र ती दोन भिन्न नावे वाटतात. आमच्या संग्रहात 'वाऱ्यांची नावे' या शीर्षकाच्या दोन संचिका एकाच पेटीत शेजारीशेजारी आढळल्या, एक विंडोजमधून लिहिलेली, दुसरी लिनक्समधून. दोहोंत निरनिराळ्या नोंदी होत्या. आता दोन्ही प्रणालींत इनस्क्रिप्ट कळफलक ठेवला आहे आणि 'ऱ्य' असलेली नावे प्रत्येक वेळी नव्याने टंकित न करता मूळ सूचीतून उतरवून घेतली जातात.