सुनीताचा विभाग कुठे गेला?

डॉटनेट ८ चा सपोर्ट १० नोव्हेंबर २०२६ ला संपतो, हे आता आयटीतल्या कुणाला सांगायला नको. या निमित्ताने वर्षानुवर्षं हात न लावलेल्या सिस्टिमही नव्या आवृत्तीवर न्यायला काढल्या आहेत. आणि टेस्टिंगच्या पहिल्याच दिवशी एरर दिसते: ‘पॉसिबल ऑब्जेक्ट सायकल’.

ती का येते, हे एका उदाहरणाने पाहू. सुनीता ही एक कर्मचारी. तिच्या नोंदीत तिचा लेखा विभाग. विभागाच्या नोंदीत कर्मचाऱ्यांची यादी. यादीत पुन्हा सुनीता. मेमरीत यात काहीच अडत नाही, कारण तिथे नुसते पत्ते असतात. पण वेब सर्व्हिसमधून पाठवायचं तर सगळं मजकूर म्हणून लिहून काढावं लागतं आणि जेसनमध्ये ‘मघाची तीच सुनीता’ असं म्हणायची सोयच नाही. मग सुनीता, विभाग, सुनीता, विभाग असं लिहिणं खोल खोल जातं. डॉटनेटने त्याला ६४ पातळ्यांची मर्यादा घातली आहे, म्हणून निदान एरर तरी येते.

काम अंगावर आलं की हात जातो ‘इग्नोर सायकल्स’कडे. डॉटनेट ६ पासून, म्हणजे २०२१ पासून, ही सोय आहे. एक ओळ टाकली की एरर गायब! माझा आक्षेप नेमका इथे आहे. सुनीतापासून सुरुवात केली तर तिच्या विभागाच्या यादीत तिच्याच जागी ‘नल’ येतं. विभागापासून सुरुवात केली तर सुनीता यादीत दिसते, पण तिचा विभाग ‘नल’. घेणाऱ्या ॲपने काय समजायचं? तिला विभागच नाही, की लिहायचा सोडून दिला? एरर निदान ओरडून सांगते. हे ‘नल’ गुपचूप पुढच्या डेटाबेसात जाऊन बसतं.

दुसरी वाट जुनी आहे. २००० सालच्या सोप १.१ या वेब सर्व्हिस प्रोटोकॉलमध्येच वस्तूला आयडी देऊन पुढे ‘एचरेफ’ने तिच्याकडे बोट दाखवता येत होतं. डॉटनेट ५ मधलं ‘प्रिझर्व्ह’ जेसनमध्ये तेच करतं. माहिती शाबूत राहते, पण ती खूण पलीकडच्यालाही वाचता यायला हवी. दोन्ही टोकं आपल्याच हातात असतील तर खुशाल वापरा.

बाहेरच्यांसाठी मात्र डेटाबेसचे क्लास जसेच्या तसे पाठवूच नयेत. उत्तरासाठी वेगळा छोटा क्लास करावा: सुनीताचं नाव, हुद्दा, विभाग क्रमांक १२. ज्याला विभागातली माणसं हवी असतील त्याने १२ नंबरची यादी वेगळी मागावी.