फ्यूज कुणासाठी असतो?

एखाद्याचं डोकं चालेनासं झालं की आपण म्हणतो, ‘ह्याचा फ्यूज उडाला.’ बिचाऱ्या फ्यूजची ही बदनामीच आहे. कारण फ्यूज उडतो तेव्हा बाकीचं सगळं बिघडलेलं असतं आणि डोकं ठिकाणावर असलेला तोच एक असतो.

श्रोतेहो, मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज आली नाही. तेव्हा पेणमध्ये आमच्या घरी मला हा विषय शिकावा लागला. भाच्यानं आपल्या टेम्पोची १२ व्होल्टची बॅटरी आणून दोन दिवे लावून दिले. बॅटरीजवळ पाच अँपिअरचा फ्यूज बसवला. मी त्यावर गाडीतला छोटा पंखा जोडला. मग जुन्या स्पीकरची बारीक वायर खिडकीतून नेऊन शेजाऱ्यांनाही दोन दिवे दिले. फ्यूज उडाला. दुकानं बंद. मी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून त्या जागी खोचली. दिवे लागले, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

रात्री पाऊस आला म्हणून खिडकी ओढून घेतली. वायर फळीखाली चेपली आणि शॉर्ट झाली. पाहता पाहता ती लाल झाली आणि पडदा पेटला. पत्नीनं पडदा ओढून खाली पाडला, मी बॅटरीवरचा चिमटा उपटला. बोटांना फोड आले, एवढ्यावर निभावलं.

सकाळी भाचा म्हणाला, “मामू, फ्यूज दिव्यासाठी नसतो. वायरीसाठी असतो.”

हे एक वाक्य कळलं की अर्धा विषय कळला. दिवा बिघडला तर फार तर दिवा जातो. वायर तापली तर घर जातं. म्हणून फ्यूज निवडताना आधी विचारायचं की या वायरीला किती अँपिअर सोसतील? फ्यूज त्याहून कमी हवा, आणि आपल्या दिव्या-पंख्यांना जेवढं लागतं त्याहून थोडा जास्त. या दोन आकड्यांच्या मधे त्याची जागा.

आता तुम्ही म्हणाल, बारा व्होल्टच तर आहेत, हात लावला तरी झटका बसत नाही. खरं आहे, आणि फसगत होते ती इथेच. झटका व्होल्टचा, पण वायर तापते अँपिअरनं. साठ वॅटचा दिवा घरच्या २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास घेतो, बारा व्होल्टवर तोच पाच अँपिअर घेतो. उष्णता तर अँपिअरच्या वर्गानं वाढते, म्हणजे प्रवाह दहापट झाला की ताप शंभरपट. शिवाय मोबाइलचा लहानसा अडॅप्टर दमला की गप्प बसतो. गाडीची बॅटरी दमत नाही, शॉर्ट झाली की ती क्षणात शेकडो अँपिअर ओतते.

पेणचंच उदाहरण घेऊ. गणपतीच्या मिरवणुकीत हातगाडीवर बॅटरी ठेवून एलईडीच्या पट्ट्या लावतात. दाट दिव्यांची पाच मीटरची पट्टी साधारण ७२ वॅट खाते. बारानं भागा, सहा अँपिअर. फ्यूजला सतत त्याच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच राबवावं, म्हणून सहाला साडेसातचा. अशा दोन पट्ट्या म्हणजे बारा अँपिअर, बॅटरीपाशी मुख्य फ्यूज पंधराचा. आता वायर. ढोबळ मानानं एक चौरस मिलिमीटर तांब्याची वायर दहा अँपिअर सोसते, दीडची पंधरा, अडीचची वीस. म्हणून बॅटरीपासून अडीचची वायर आणि प्रत्येक पट्टीला एकची, तिच्या तोंडाशी साडेसातचा वेगळा फ्यूज. हा वेगळा फ्यूज पुष्कळ जण गाळतात. मग पंधराच्या फ्यूजमागे दहाची वायर राहते, आणि ती तापली तरी फ्यूजला पत्ता नसतो.

कारण फ्यूज काही आकडा ओलांडल्याबरोबर उडत नाही. गाडीतला दहाचा पात्याचा फ्यूज अकरा अँपिअरवर तासन्‌तास टिकतो. प्रवाह दुप्पट झाला तर मात्र पाच सेकंदांच्या आत वितळतो. वितळणं हाच त्याचा धर्म. ‘फ्यूज’ हा शब्दच मुळी ‘वितळलेलं’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. (शब्दाचं मूळ शोधायची खोड जात नाही, माफ करा.)

पात्याचे फ्यूज रंगावरून ओळखता येतात. पाचचा फिकट तपकिरी, साडेसातचा गडद तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. काचेच्या फ्यूजच्या टोपीवर बारीक अक्षरं असतात, भिंग घेऊन वाचावीत. ‘एफ’ म्हणजे चटकन उडणारा, ‘टी’ म्हणजे सावकाश. हलत्या देखाव्यांची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढते, तिथे ‘टी’ लागतो. नाहीतर दर खेपेला फ्यूज उडतो आणि पोरं वैतागून मोठा बसवतात.

पात्याच्या फ्यूजवर ३२ व्होल्ट लिहिलेलं असतं. तो घरच्या विजेला चालत नाही आणि छतावरच्या सौर पॅनेलच्या माळेलाही नाही. बॅटरीचा आणि पॅनेलचा प्रवाह एकाच दिशेनं वाहतो, घरच्या विजेसारखा सेकंदाला शंभरदा शून्यावर येत नाही. त्यामुळे फ्यूजची तार वितळली तरी फटीतून ठिणगी जळत राहू शकते. तिथे डीसीसाठीचा, पुरेशा व्होल्टचा फ्यूजच मागावा.

आणि जागा? बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभराच्या आत. फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कुणी वाली नसतो, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी.

गेल्या गणपतीत आमच्या आळीतल्या पोरांनी गाडीवर दोन जादा निळे फ्यूज टेपनं चिकटवून ठेवले होते. भोगावतीकडे जाताना मधेच अंधार झाला. एकानं लगेच नवा फ्यूज काढला. दुसऱ्यानं त्याचा हात धरला आणि आधी टॉर्च मागितला. चाकाजवळ वायर घासून तांबं उघडं पडलं होतं. ती गुंडाळली, वर बांधली, मग निळा फ्यूज लावला. ढोलवाले तोवर थांबले होते.