दारात कोण उभं होतं?

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात, ऐन श्रावणात, एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातल्या, एका विद्यार्थिनीबरोबर घरभेटीला गेलो होतो. क्षेत्रकार्य तिचं, मी आपला जुन्या खोडीनं सोबत. आजी पलंगावर बसून वाती वळत होत्या. "कशा आहात?" "बरं आहे की. दोन घास मिळतात." मुलीनं वहीत लिहिलं : आजी समाधानी. तिच्या मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं एवढंच विचारलं, "दारात कोण उभं होतं?"

आजींचा मुलगा उभा होता. पुढच्या खेपेला तो कामावर गेल्यावर गेलो, तेव्हा आजींनी पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, घर मुलाला दिल्याचं बक्षीसपत्र निघालं. "वाचा बरं, मला या घरात राहू द्यायचं लिहिलंय का कुठं?"

नव्हतं लिहिलेलं.

  

आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 साली आलेल्या कायद्यातलं माझं आवडतं कलम 23. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ती देणगी फसवणूक धरून रद्द करून घेता येते. सगळी मेख त्या अटीत. महाराष्ट्रात मुलानातवंडांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग असो की कॉलेज रोडचा फ्लॅट, दुय्यम निबंधकाकडे काम उरकतं आणि अटीची ओळ राहून जाते. पोटच्या पोराला कसली अट घालायची?

सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2022 मध्ये ही अट असायलाच हवी असं ठणकावलं. जानेवारी 2025 च्या निकालात मात्र मध्य प्रदेशातल्या एका आईला न्यायालयानं घर परत मिळवून दिलं. तिच्या मुलानं बक्षीसपत्राबरोबर वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं. ज्येष्ठांच्या हितासाठीचा कायदा उदारपणे वाचावा, असं न्यायालयाचं म्हणणं. मी तो निकाल दोनदा वाचला. कादंबऱ्याही हल्ली एवढ्या मन लावून वाचत नाही.

हा कायदा प्रांताधिकाऱ्यांसमोर चालतो. निर्वाहाची रक्कम महिन्याला कमाल 10,000 रुपये. पण निकालाआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे देता येतं, आणि तो सरकारी माणूसच असावा असं नाही. नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधीही चालतो. त्या खुर्चीत मला एमएसडब्ल्यू झालेली मुलं दिसायला हवीत. त्याऐवजी आपण त्यांच्याकडून लघुप्रबंधासाठी प्रश्नावल्या भरून घेतो : आपण कुटुंबात समाधानी आहात काय? होय किंवा नाही. असल्या संशोधनात दारातला मुलगा कुठल्या रकान्यात बसवायचा?

आजींना प्रांतांकडे जायचं नव्हतं. "लेकाला कचेरीत उभा करू? नको गं बाई." अर्ज तयार होता, पण मुलीनं पुढं रेटला नाही. हे मला फार आवडलं. तिनं फक्त विचारलं, "तो ऐकतो कुणाचं?"

सिन्नरच्या मामांचं. मामा आले ते एकादशीला. खिचडी, भगर, वर ताक होईपर्यंत विषय निघाला नाही. मग त्यांनी भाच्याला म्हटलं, "ती मागची खोली आक्काची. लिहून दे." तो आधी तणतणला, गॅलरीत जाऊन उभा राहिला, अर्ध्या तासानं आत येऊन सही केली. कोर्टात तो कागद किती टिकेल ते वकील जाणोत. आजींनी मुलीकडून तो दोनदा वाचून घेतला, आपल्या नावावर बोट ठेवून पाहिलं आणि मगच ट्रंक ओढायला सांगितली.