औषध दिल्यानंतर

विद्यार्थी मित्रांनो, 'दवाखाना' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. दवाखान्यात डॉक्टर औषध लिहून देतात. दाखल झालेल्या रुग्णाला ते देण्याचे काम मात्र बहुधा परिचारिका करते. तुम्ही म्हणाल, गोळी हातावर ठेवायची, पाणी द्यायचे; यात अवघड ते काय?

औषध देण्यापूर्वी परिचारिका पाच गोष्टी पडताळून पाहते. रुग्ण तोच आहे ना? औषध तेच आहे ना? मात्रा तेवढीच आहे ना? वेळ तीच आहे ना? आणि औषध कसे द्यायचे, तोंडाने की सुईने? "तुम्ही अहमदभाई का?" असे ती विचारत नाही. "तुमचे नाव काय?" असे विचारते. कारण तापाने ग्लानी आलेला माणूस कशालाही 'हो' म्हणतो.

काही औषधांच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. हृदयविकारावरील डिगॉक्सिन या औषधाने हृदयाचे ठोके मंद होतात. म्हणून ते देण्याआधी परिचारिका पूर्ण एक मिनिट ठोके मोजते. मोठ्या माणसाचे ठोके ६० पेक्षा कमी भरले, तर ती औषध न देता डॉक्टरांना कळवते.

पण एवढी काळजी घेऊनही घात होऊ शकतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना ग्लिसरॉल हे औषध दिले गेले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. दोन्ही द्रव रंगहीन आणि चवीला गोडसर. नुसते पाहून फरक कसा कळणार? रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि १४ जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. बाटली पाहून जे कळत नाही, ते कधीकधी रुग्णाच्या शरीरावरून कळते. म्हणून औषध दिल्यावरही परिचारिकेचे लक्ष रुग्णाकडे असते. लघवी कमी झाली का, अंगावर पुरळ आले का, श्वास जड झाला का, हे ती पाहते आणि लगेच लिहून ठेवते.

आता आपल्या तीर्थपुरीतल्या एखाद्या घराचा विचार करा. दादी जालन्याच्या दवाखान्यातून घरी आल्या आहेत. त्यांना क्षयरोगाची औषधे चालू आहेत. घरी परिचारिका नाही. चिठ्ठी वाचू शकणारे कदाचित तुम्हीच आहात. रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही; त्यासाठी औषध सोडू नये. पण डोळे पिवळे दिसू लागले, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी २०१० साली आपल्या देशात एक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही आपला अनुभव कळवू शकतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. औषधांचा डबा उघडा. प्रत्येक पाकिटावरचे नाव व मुदतीची तारीख वाचा. मग दादींजवळ बसा आणि विचारा, "दादी, औषध घेतल्यावर तुम्हांला कसे वाटते?" परिचारिकाही रोज हेच विचारते.